डॉट कॉम, डॉट इन, की दोन्ही? नव्या ब्रँडसाठी डोमेन घेताना

हळदीची पाकिटं छापून आली, डिझाइनवाल्याचे पैसे देऊन झाले, मागच्या बाजूला बॅच नंबरच्या खाली वेबसाइटचा पत्ता टाकायला जागाही सोडली. आणि मग कळतं, की त्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्याच कुणाकडे आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात नि गणपती पेठेत पोत्यांचा धंदा करता करता ज्यांनी स्वतःच्या नावाचं पॅकिंग सुरू केलं, त्यांच्याकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते. दुसऱ्या टोकाचीही माणसं भेटतात. कुणीतरी भीती घातली म्हणून एकाच नावाची पंधरा-वीस डोमेनं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन ठेवली आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलचं बिल बघून डोळे पांढरे झाले.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान धंद्याला तीन, फार तर पाच डोमेनं पुरतात. आज हजाराहून जास्त एक्स्टेन्शन्स, म्हणजे पत्त्यात शेवटच्या डॉटच्या पुढे येणारी शेपटं, आहेत. त्या सगळ्यांच्या मागे धावून कुणाचंच नाव सुरक्षित झालेलं नाही. उरलेले पैसे ट्रेडमार्कला लावावेत. हे कसं करायचं ते आता क्रमाने बघू.

पायरी १: डोमेन शोधण्याआधी नाव तपासा

आपल्याकडे नाव ठेवताना पहिला मोह गावाचा आणि मालाचा होतो. सांगली हळद, तासगाव बेदाणा, मिरज सतार. ऐकायला भारदस्त वाटतं, पण हे नाव एकट्याचं होत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही नावं त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांची आहेत. शिवाय नुसतं गावाचं किंवा मालाचं वर्णन करणारं नाव १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली सहसा नोंदवून मिळत नाही. म्हणजे ‘सांगली हळद’ असं डोमेन तुम्हाला कदाचित मिळेलही, पण शेजारच्याने त्यात ‘मसाले’ जोडून दुसरं घेतलं तर त्याला अडवायला तुमच्या हातात काही नसतं.

म्हणून नाव घडवलेलं असावं. या लेखापुरतं एक नाव मी घडवतो: ‘पिवळाई’. समजा, सांगलीतला एक तरुण राजापुरी हळदीची पावडर या नावाने विकणार आहे.

त्याने पहिल्यांदा भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर जाऊन नाव शोधावं. हा शोध फुकट आहे. तिथे शब्दाच्या शोधाबरोबर फोनेटिक, म्हणजे उच्चाराने शोधायचीही सोय आहे. मराठी नावाला हाच शोध जास्त उपयोगी, कारण एकच उच्चार इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येतो. ट्रेडमार्कसाठी मालाचे आणि सेवांचे वर्ग पाडलेले असतात. हळद आणि मसाले ३० व्या वर्गात येतात, बेदाणा २९ व्या, ताजी द्राक्षं ३१ व्या, वाद्यं १५ व्या आणि दुकानदारी ३५ व्या वर्गात. आपल्या वर्गात त्याच उच्चाराचं नाव आधीच असेल, तर डोमेन मोकळं दिसलं तरी त्या नावाच्या नादी लागू नका. डोमेन मिळालं म्हणजे नावावर हक्क मिळाला असं होत नाही.

याच बैठकीत इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूबवर नाव मोकळं आहे का तेही बघून घ्या.

पायरी २: एक्स्टेन्शनच्या आधी स्पेलिंग

लोक डॉटच्या पुढचं काय घ्यायचं यावर वाद घालत बसतात आणि मराठी नावाची खरी गोची डॉटच्या अलीकडे असते.

‘पिवळाई’ इंग्रजी अक्षरांत लिहा. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू? ‘व’ आणि ‘ळ’ यांच्यामध्ये ए घालायचा की नाही? ‘ळ’ला तर रोमनमध्ये वेगळं अक्षरच नाही, तिथे एलवर भागवायचं. शेवटी एक ए की दोन? बसल्या जागी आठ-दहा रूपं तयार झाली. ‘श्री’ने सुरू होणारी नावं घ्या: शेवटी आय की डबल ई, आणि मधला एच आहे की नाही? ‘गाव’चं शेपूट कुणी ओएन करतो, कुणी व्हीने संपवतो. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ असलेल्या नावांबद्दल तर बोलायलाच नको.

यावर साधी चाचणी आहे. नाव फोनवर फक्त उच्चारून सांगा आणि पाच-सहा वेगवेगळ्या माणसांना ते इंग्रजीत टाइप करून पाठवायला लावा: एक कॉलेजची पोरगी, एक किराणा दुकानदार, पुण्या-मुंबईचा एखादा नातेवाईक, एक अमराठी माणूस. ज्या स्पेलिंगला जास्त मतं पडतील ते मुख्य. दुसऱ्या क्रमांकाचं स्पेलिंगही आपल्याच ताब्यात ठेवायचं. तिसऱ्या-चौथ्याच्या मागे लागू नका. आणि पाच जणांनी पाच तऱ्हा पाठवल्या, तर नाव बदला. पाकिटं छापायच्या आधी नाव बदलणं फुकटात होतं.

एका अक्षराने काय होतं याचं उदाहरण थेट सर्वोच्च न्यायालयातलं आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीची ‘सिफी’ नावाची डोमेनं होती, त्यातच ‘सिफिनेट’ होतं. दुसऱ्या एका कंपनीने मध्ये एक एफ जास्त घालून जवळपास तेच नाव घेतलं. २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा नुसता पत्ता नाही. धंद्याची ओळख म्हणून त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. निकाल सत्यमच्या बाजूने लागला, पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. दुसरं स्पेलिंग वर्षाला हजार-बाराशे रुपयांत मिळतं.

नावात हायफन आणि आकडे टाळा. फोनवर ‘मध्ये आडवी रेघ’ असं समजावताना होणारी दमछाक ज्याने बघितलीय, त्याला कारण सांगायला नको.

पायरी ३: कोणती एक्स्टेन्शन्स घ्यायची

डॉट कॉम १९८५ पासून आहे आणि हाताला त्याचीच सवय लागलेली आहे. डॉट इन ही भारताची एक्स्टेन्शन. २००५ पासून ती सर्वांना सहज मिळू लागली. या दोन्ही मोकळ्या असतील तर विचार करत बसू नका, दोन्ही घ्या. मुख्य कुठली ठेवायची हे गिऱ्हाईक कुठे आहे त्यावर ठरवा. द्राक्षं, बेदाणा बाहेरच्या देशांत पाठवणाऱ्याने डॉट कॉम मुख्य ठेवावी. माल महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरातेतच जात असेल तर डॉट इन उत्तम. ती लहान आहे, पाकिटावर बसते आणि हल्ली लोकांना ओळखीचीही झाली आहे.

डॉट कॉम दुसऱ्याकडे असेल तर आधी तिथे जाऊन बघा, तो काय विकतोय. परदेशातली एखादी सॉफ्टवेअर कंपनी असेल आणि तुमची हळद, तर डॉट इनवर बिनधास्त धंदा करा. पण तो मसाल्यातलाच असेल तर नाव सोडा. तुमच्या जाहिरातीवर त्याची साइट चालेल, आणि ट्रेडमार्कवरून नोटीस आली तर पुन्हा पाकिटं छापायचा खर्च तुमचाच.

डॉट को डॉट इन स्वस्त असते आणि आपल्याकडे कंपन्यांच्या पत्त्यात अनेक वर्षं दिसत आली आहे. जमली तर घ्या. डॉट को ही खरं तर कोलंबिया देशाची एक्स्टेन्शन. डॉट कॉम टाइप करताना एम राहिला की माणूस तिथे पोचतो. साइटवर थेट पैसे घेत असाल तर तिचा विचार करा, नुसती माहितीची साइट असेल तर गरज नाही.

डॉट नेट सोडून द्या. डॉट ऑर्ग कुणालाही मिळते, पण लोकांच्या मनात ती संस्थेची झाली आहे. ट्रस्ट, वाचनालय, शेतकरी गट यांनी ती जरूर घ्यावी, मसालेवाल्याला तिचा काही उपयोग नाही.

आता डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेड ही सगळी नवी मंडळी. २०१२ मध्ये नव्या एक्स्टेन्शन्ससाठी अर्ज मागवले गेले, त्यातून ही पुढच्या काही वर्षांत बाजारात आली. पहिल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी दोन-तीन हजारांचं बिल येतं. डोमेन घेताना नेहमी रिन्यूअलचा भाव बघा, पहिल्या वर्षाचा नाही. तो भाव पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. दुकान खरोखरच ऑनलाइन असेल तर यातली एखादी घ्या. सगळ्या घेणं म्हणजे नुसती भीतीची खरेदी.

‘पिवळाई’चं इंग्रजी स्पेलिंग ए आणि आय या अक्षरांवर संपतं. त्यामुळे कुणीतरी हुशार पोरगा सुचवणारच, की नाव मध्ये तोडून डॉट एआयवर घेऊ, झकास दिसेल. डॉट एआय अँग्विला नावाच्या एका छोट्या बेटाची आहे, ती किमान दोन वर्षांसाठीच मिळते आणि महाग पडते. हळदीच्या पाकिटावर ती कुणाला कळणार?

असाच मोह परराज्यांत सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या विटा-आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकांना डॉट गोल्डचा होतो. केरळ-तमिळनाडूतल्या पेढीसाठी साधी डॉट इन जास्त कामाची आहे.

डॉट भारतबद्दल थोडं सविस्तर. २०१४ पासून देवनागरीत पूर्ण पत्ता घेता येतो, म्हणजे ‘पिवळाई डॉट भारत’. स्पेलिंगचा सगळा घोळ इथे मिटतो, ‘ळ’ ‘ळ’च राहतो. टेम्पोच्या मागे, दुकानाच्या पाटीवर हा पत्ता छान दिसतो. पण आतून संगणक त्याचं रूपांतर एक्सएनने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या माळेत करतो, आणि लिंक कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकली की कधी कधी तीच माळ दिसते. गिऱ्हाइकाला वाटतं, काहीतरी फसवणुकीचं आलंय. देवनागरी ई-मेल पत्ता तर पुष्कळ फॉर्म स्वीकारतच नाहीत. म्हणून ज्यांचं नाव अस्सल मराठी आहे त्यांनी हे डोमेन घ्यावं आणि मुख्य साइटकडे वळवून ठेवावं. सगळा धंदा त्याच्यावर टाकायची वेळ अजून आलेली नाही.

सहकारी बँकांच्या संचालकांसाठी एक मुद्दा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हे डोमेन फक्त बँकांना मिळतं. त्यामुळे आता बँकेच्या नावाने दुसऱ्या एक्स्टेन्शनची लिंक आली तर ती उघडण्याआधी चौकशी करावी. जुनं डोमेन मात्र बँकेने लगेच सोडून देऊ नये. वर्षानुवर्षं खातेदारांना त्याच पत्त्यावरून मेल गेलेले असतात.

ज्यांच्याकडे पैसा आहे ते स्वतःची एक्स्टेन्शनच घेतात. टाटांची डॉट टाटा आहे, स्टेट बँकेची डॉट एसबीआय. २०१२ च्या फेरीत अर्जाचीच फी १,८५,००० डॉलर होती. तेव्हा तो विषय सोडा.

मग ‘पिवळाई’ची यादी अशी होते: मुख्य स्पेलिंगचं डॉट इन आणि डॉट कॉम, जमल्यास डॉट को डॉट इन, दुसऱ्या स्पेलिंगचं डॉट कॉम, आणि हौस असेल तर डॉट भारत. पहिल्या चारांचा खर्च १८ टक्के जीएसटी धरून वर्षाला साधारण साडेचार हजार. भाव कंपनीगणिक बदलतात. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी तेवढीच, ४,५०० रुपये, आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते. वकिलाचे पैसे वेगळे.

एवढा आग्रह ट्रेडमार्कसाठी का? कारण फसवणारा माणूस सहसा एक्स्टेन्शन बदलत बसत नाही, तो शब्द जोडतो. अमूलच्या नावापुढे ‘फ्रँचायझी’ लावून बनावट साइट्स काढल्या गेल्या, एजन्सी देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळले गेले आणि प्रकरण २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. नावापुढे जोडता येतील असे शब्द अगणित आहेत, ते सगळे कुणीच विकत घेऊ शकत नाही. अशा वेळी दाखवायला ट्रेडमार्कचा कागदच लागतो.

पायरी ४: डोमेन कुणाच्या नावावर आहे?

ही पायरी लोक ओलांडून जातात आणि नंतर हे असं संभाषण ऐकू येतं:

“काका, साइट चालूच आहे, टेन्शन घेऊ नका. रिन्यूअलचं मी बघतो.”

“अरे, पण पासवर्ड तरी देऊन ठेव.”

“तो माझ्या अकाउंटचा आहे. त्यात दुसऱ्या पार्ट्यांचीही डोमेनं आहेत, देता येत नाही.”

साइट करून देणारा हा पोरगा लबाड असतोच असं नाही. त्याच्या दृष्टीने सगळं एका ठिकाणी असणं सोयीचं. पण उद्या तो नोकरीला बंगळूरला गेला, की रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या जीमेलवर येत राहतात आणि बेदाण्याच्या ऐन हंगामात साइट बंद पडते. म्हणून डोमेनचं अकाउंट स्वतः उघडा, मोबाइल आणि ई-मेल स्वतःचा द्या, पैसे स्वतःच्या कार्डाने भरा, मालक म्हणून फर्मचं नाव घाला. डेव्हलपरला हवं तर साइटच्या सेटिंगचे अधिकार द्या. डोमेन आधीच त्याच्याकडे असेल तर त्याच कंपनीत स्वतःचं अकाउंट काढून डोमेन त्यात ‘पुश’ करायला, म्हणजे हलवायला सांगा, सहसा चटकन होतं. कंपनीच बदलायची असेल तर ट्रान्सफर कोड लागतो, आणि डॉट कॉमसारख्या डोमेनला नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही.

डॉट कॉम घेतल्यावर ई-मेल पडताळणीची एक लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. मेल स्पॅममध्ये जातो, कुणी बघत नाही आणि नवी साइट दोन आठवड्यांत गायब.

पायरी ५: जास्तीची डोमेनं नुसती पडू देऊ नका

सगळी जास्तीची डोमेनं मुख्य साइटकडे कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ रीडायरेक्टने वळवा. प्रत्येकावर साइटची नक्कल चढवू नका, सर्च इंजिनचा गोंधळ होतो. वळवलेल्या डोमेनलाही एसएसएल प्रमाणपत्र (ज्यामुळे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित राहते) लागतं, नाहीतर ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो. हे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं.

आणखी एक काम डेव्हलपरला मुद्दाम सांगावं लागतं. ज्या डोमेनवरून मेल जाणारच नाहीत, त्यांच्या एसपीएफ आणि डीमार्क नोंदींमध्ये (डोमेनच्या नावाने मेल कुणी पाठवायचा हे सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘इथून कुणीही मेल पाठवत नाही, आला तर नाकारा’ असं घालून ठेवायला सांगा. नाहीतर तुमच्याच डोमेनच्या नावाने बँक खातं बदलल्याचा खोटा मेल तुमच्या व्यापाऱ्याला जाऊ शकतो. दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी ६: रिन्यूअल

मुख्य डोमेन एकदम पाच किंवा दहा वर्षांसाठी भरा. दहापेक्षा जास्त वर्षं मिळत नाहीत. बाकीच्यांना ऑटो-रिन्यू लावा आणि कार्डाची मुदत संपायची तारीख डायरीत लिहा, कारण ऑटो-रिन्यू बहुतेक वेळा तिथेच अडकतं.

डॉट कॉमची मुदत संपली की लगेच ते दुसऱ्याला मिळत नाही. कंपनीप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत साध्या दराने भरता येतं, त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते मोकळं होतं. काही कंपन्या मात्र पहिल्याच टप्प्यात लिलावाला लावतात, त्या ४५ दिवसांवर विसंबू नका. मोकळं झालेलं डोमेन टिपायला लोक यंत्रं लावून बसलेले असतात, आणि तुमच्या पाकिटावरच्या पत्त्यावर उद्या सट्ट्याची जाहिरात दिसू शकते.

एखादं जास्तीचं डोमेन सोडायचंच असेल तर ज्याच्यावर कधी मेल चालला नाही तेच सोडा. मेल चाललेलं डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं, की तुमच्या जुन्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक त्याच्याकडे जातात.

डोमेन घेतल्यावर काही महिन्यांत एक मेल हमखास येतो: चीनमधल्या एका कंपनीने तुमच्या ब्रँडच्या नावाने डॉट सीएन आणि डॉट एशियासाठी अर्ज केलाय, तुमची हरकत असेल तर ताबडतोब कळवा. ही जुनी युक्ती आहे. तुम्हाला घाबरवून तीच डोमेनं चढ्या भावाने विकायची असतात. उत्तरही देऊ नका.

नाव आधीच कुणी बळकावलं असेल तर

समोरच्याने तुमचं नाव बघून, विकायच्या किंवा फसवायच्या हेतूने डोमेन घेतलं असेल तर कोर्टात न जाताही दाद मागता येते. डॉट इन आणि डॉट भारतसाठी निक्सीच्या, म्हणजे ही डोमेनं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, आयएनडीआरपी या तंटा-निवारण धोरणाखाली लवाद नेमला जातो, डॉट कॉमसाठी तसंच यूडीआरपी हे धोरण आहे. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन तुमच्या नावासारखं आहे, समोरच्याचा त्या नावावर न्याय्य हक्क नाही, आणि हेतू खोटा आहे. निकाल बाजूने लागला तर डोमेन तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं, नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. यूडीआरपीची तक्रार वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, करायची तर एका पंचासाठी पाच डोमेनपर्यंत १,५०० डॉलर फी आहे.

तक्रार करायच्या आधी त्या साइटचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि ‘हे डोमेन मला विका’ असा मेल घाईने पाठवू नका. भाव तर चढतोच, पण समोरचा तोच मेल पुढे करून ‘यांनीच माझा हक्क मानला’ असंही म्हणू शकतो. आधी कागद वकिलाला दाखवा. आणि तो माणूस प्रामाणिकपणे तुमच्या आधीपासून त्या नावाने धंदा करत असेल, तर तक्रारीत पैसे घालवू नका. दोन स्पेलिंगपैकी दुसरं घेऊनही तो तिढा सुटत नाही. दुसरं नाव शोधायला लागा.